कोरडा उन्हाळा आणि पानगळीचे रंग : झाड तोडायला सांगण्याआधी

पानगळीचा मोसम जवळ आला की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. "यंदा मेपल लाल का झाला नाही?" आणि "पानं एवढ्या लवकर गळताहेत, झाड गेलं का?" दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा पावसाने दिलेली ओढच असते. फक्त ती कधी दिली, हे पाहावं लागतं.

दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य ओसरतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो तेव्हा उघडा पडतो. म्हणून बर्च आणि गिंको दरवर्षी साधारण सारखेच दिसतात. लाल-जांभळा रंग मात्र पानाला त्याच दिवसांत नव्याने तयार करावा लागतो आणि त्यासाठी साखर व ऊन दोन्ही लागतात. हवामानाचा खेळ दिसतो तो या लाल रंगात.

उन्हाळाभर जमिनीत ओल टिकली आणि शेवटी लख्ख, कोरडे दिवस व गार (पण न गोठवणाऱ्या) रात्री मिळाल्या, तर लाल रंग खुलतो. भर उन्हाळ्यातच जमीन सुकली, तर पानं पाणी राखायला आपली रंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं) मिटून घेतात आणि साखर कमी बनते. मग रंग फिका पडतो, कधी काही आठवडे लांबतो. फारच ताण बसला तर झाड पानंच टाकून देतं आणि रंग बघायचा राहून जातो. नव्याने लावलेली आणि उथळ मुळांची झाडं यात आधी सापडतात, जुना ओक बराच तग धरतो.

एक पान हातात घेऊन बघा. कडा तपकिरी, कुरकुरीत आणि शिरांजवळ अजून हिरवं असेल, तर ते करपलेलं आहे, रंगलेलं नाही. मग बारीक फांदीची साल नखाने खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं आणि फांदीवरचे डोळे (पालवीच्या कळ्या) टणक असले, तर फांदी जिवंत आहे. पान गाळणं हेसुद्धा जिवंत फांदीचंच काम. वाळलेली पानं ओढूनही सुटत नसतील, तर शंका तिथे घ्या. (ओक आणि बीच याला अपवाद, त्यांची सुकी पानं हिवाळाभर लटकतात.)

पाणी खोडाशी ओतू नका. फांद्यांच्या घेराखाली, सावकाश, 30 सेंटीमीटर खोलवर ओल जाईल असं द्या आणि जमीन गोठेपर्यंत देत राहा. वर 5 ते 8 सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाला टेकू न देता. या दिवसांत नत्रखत नको, कोवळी फूट थंडीत मरते.

नुसती पानं लवकर गळाली म्हणून आम्ही तोडणीचं काम घेत नाही. वसंतात पालवी फुटते का ते बघा, नाही फुटली तर आम्हाला बोलवा. खोडाला भेग गेली असेल किंवा मोठी फांदी लटकत असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी कळवा.