पश्चिमेच्या खिडकीचं गणित

ठाण्यात अकराव्या मजल्यावरच्या घरात आम्ही राहायला आलो ते जानेवारीत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला पलंग सरकवताना माझा तळहात पश्चिमेच्या भिंतीला टेकला आणि मी तो चटकन उचलला. सूर्य मावळून साडेतीन तास उलटले होते, खाली रस्त्यावर छान वारा होता, आणि आमच्या झोपायच्या खोलीची भिंत मात्र उन्हात ठेवलेल्या पितळी हंड्यासारखी तापलेली होती.

इमारत पर्यावरणपूरक म्हणूनच विकली गेली होती. जिन्यात सेन्सरचे एलईडी दिवे, गच्चीवर सौर पॅनेल, पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा, ओल्या कचऱ्याचं खत. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांचं मोल आहे. पण दिवा नंतर बदलता येतो, पॅनेल दहा वर्षांनी बसवलं तरी चालतं. इमारतीचं तोंड कोणत्या दिशेला आणि भिंतीवर सावली किती, हे नकाशाच्या कागदावर एकदाच ठरतं. पुढची पन्नास वर्षं त्याचं बिल राहणारे भरतात.

पश्चिमेचं ऊन इतकं त्रास का देतं, हे समजायला शाळेतली भूमिती पुरते. मुंबई-ठाणे १९ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या आसपास भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ७१ अंश वर असतो, जवळजवळ डोक्यावर. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर त्या वेळी चार फुटांची अख्खी खिडकी सावलीत जाते. आता तोच छज्जा पश्चिमेला लावा. घड्याळात पावणेपाच वाजले की सूर्य २८ अंशांवर उतरलेला असतो. (आपलं घड्याळ मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे आहे, म्हणून आपली उन्हाची दुपार घड्याळात उशिरापर्यंत रेंगाळते.) २८ अंशांच्या उन्हात दोन फुटांच्या छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम एक फूट पडते. खालचे तीन फूट उघडे. बहुतेक सोसायट्यांत चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे असतात. सूर्य चारही बाजूंना एकाच मापाने वागत नाही.

त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला पाच-सहाशे वॉट उष्णता येते. पाच फूट बाय चार फूट अशा काचेच्या खिडकीतून आठ-नऊशे वॉट आत शिरतात. म्हणजे दुपारभर खोलीत कपड्यांची इस्त्री चालू ठेवल्यासारखं झालं. आतून जाड पडदा लावला तर डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो, आणि तापलेल्या पडद्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांना काच बाहेर जाऊ देत नाही. सावली काचेच्या बाहेर असेल तरच ती सावली. आमच्या आज्या ओसरीला बाहेरून तट्टे बांधायच्या, ते याचमुळे काम करायचं.

आणि रात्रीची भिंत? उष्णता भिंतीतून चालत येते आणि तिला वेळ लागतो. नऊ इंची विटांच्या भिंतीत बाहेरची दुपार आत पोचायला सहा-आठ तास जातात, काँक्रीटच्या सडपातळ भिंतीत त्याहून कमी. साडेचारचं ऊन माझ्या तळहाताला साडेदहाला लागलं, ते असं. बांधकामाच्या मिवान पद्धतीत ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीटचा अख्खा मजला ओततात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, पण बाहेरची भिंतही विटांऐवजी सहा-आठ इंची काँक्रीटची होते. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या तुलनेत काँक्रीट आठेक पट सहजपणे उष्णता वाहून नेतं. त्यावर हल्ली फॅशन गडद करड्या रंगाची. पांढरा रंग बहुतेक ऊन परतवतो, गडद करडा बहुतेक पिऊन टाकतो. रंग निवडायच्या सभेत हे कुणीतरी सांगायला हवं.

या प्रश्नाचं मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर उत्तर मुंबईतच आहे, पेडर रोडजवळ कंबाला हिलवर. कांचनजंगा अपार्टमेंट्स. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत तिची रचना केली. काम १९७० साली हाती घेतलं गेलं आणि १९८३ साली पुरं झालं. नकाशात इमारत २१ मीटर बाय २१ मीटरचा चौरस, उंची ८४ मीटर, म्हणजे बरोबर चौपट. २८ मजले आणि घरं फक्त ३२. रस्त्यावरून वर पाहिलं की पांढऱ्या मनोऱ्याचे कोपरे जागोजागी चावून काढल्यासारखे दिसतात. त्या पोकळ्या म्हणजे दोन मजली उंचीच्या बागेच्या गच्च्या.

त्या कोपऱ्यात का, हे कळलं की इमारत उलगडते. मुंबईत पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर. बघण्यासारखं सगळं याच दोन दिशांना, आणि वाराही पश्चिमेचा. पण दुपारचं ऊन आणि पावसाळ्यातला झोडपणारा पाऊसही तिकडूनच येतो. पश्चिमेकडे पाठ करावी तर वारा गेला, तोंड करावं तर घर भाजतं आणि भिजतं. जुन्या बंगल्यांनी हा पेच राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून सोडवला होता. कोकणातली पडवी आणि गिरगावातल्या चाळीची गॅलरी हेच काम करते: ऊन आणि पाऊस आधी तिच्यावर पडतो, खोलीपर्यंत थकून पोचतो. कोरियांनी हा व्हरांडा उचलून आकाशात नेला. गच्च्या मधल्या काँक्रीटच्या गाभ्यापासून बाहेर झेपावतात, सहा मीटरच्या आसपास.

आपलं मघाचं गणित इथे लावून बघा. छज्जा दोन फुटांऐवजी सहा मीटर, आणि खालची उंचीही सहाएक मीटर धरू. मार्चमध्ये पावणेचारला मागची जवळजवळ पूर्ण भिंत सावलीत असते. पावणेपाचला निम्मी. त्यानंतर ऊन आत येतं, पण तोवर त्याचा जोर ओसरू लागलेला असतो आणि ते आधी गच्चीतल्या झाडांवर पडतं. पानं ते ऊन वापरून पाण्याची वाफ करतात आणि प्रत्येक लिटर पाणी वाफ होताना दोन तृतीयांश युनिट विजेच्या जवळपास उष्णता घेऊन जातं. कुंड्यांचा एवढा सरळ उपयोग मला फार उशिरा कळला.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वारा खिडकीतून आत येतो असं आपण म्हणतो, पण तो येतो पलीकडून बाहेर जायला वाट असेल तरच. वाऱ्याकडच्या बाजूला हवेचा दाब वाढतो, मागच्या बाजूला घटतो, आणि या दाबांतल्या फरकाने हवा घरातून ओढली जाते. म्हणून कांचनजंगातली घरं पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार आहेत, जिगसॉच्या तुकड्यांसारखी एकमेकांत अडकवलेली, पातळ्या वरखाली करून. आपल्या नेहमीच्या इमारतीत मधे लिफ्ट, तिच्यापुढे बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना घरं. प्रत्येक घराला एकच उघडी बाजू. अशा घरात खिडकी कितीही मोठी केली तरी वारा उंबऱ्याशी थबकतो. दमट हवेत हे फार महागात पडतं, कारण मुंबईत आपला त्रास तापमानाइतकाच न वाळणाऱ्या घामाचा असतो. हलकी झुळूकही दोन-तीन अंशांचा गारवा देऊन जाते, फुकट.

कांचनजंगा श्रीमंतांची इमारत आहे हे खरं, आणि झेपावणाऱ्या गच्च्यांना काँक्रीट-पोलादही भरपूर लागतं. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते आणि तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचं इंधन वेगळंच. तेव्हा अशा गच्च्या सगळीकडे उभाराव्यात असं मी म्हणणार नाही. पण चार-पाच फुटांची साधी बाल्कनीसुद्धा याच तत्त्वावर चालते. आपण मात्र ती बंद करून हॉलमध्ये घेतो, बाहेरून काच लावतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एसी आणतो. चाळीस चौरस फूट मिळवताना घराने आपली पडवी गमावलेली असते. जागेची टंचाई मला समजते. मुलांना अभ्यासाला कोपरा हवा असतो. तरी पश्चिमेची बाल्कनी शेवटी बंद करावी, पहिल्यांदा नव्हे.

गच्चीवरच्या सोयींबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्याकडून अपेक्षा फार असतात. इमारत जितकी उंच, तितकं एकाच छपराखाली राहणाऱ्यांचं प्रमाण अधिक. २१ मीटरच्या चौरस छपराचं क्षेत्रफळ ४४१ चौरस मीटर. मुंबईत वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सगळा धरला तरी दहा लाख लिटरच्या घरात पाणी. दिवसाला माणशी १३५ लिटर या मापाने ते वीस माणसांना वर्षभर पुरेल, आणि तेही चार महिन्यांत येतं. सौर पॅनेलचंही तसंच: किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा, दिवसाला चारेक युनिट. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून उरलेल्या जागेत लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा बराच भार निघतो. घराघरातले एसी त्यावर चालणार नाहीत. म्हणून मुळात एसी कमी लागावा हीच मोठी बचत.

आता याला नियमही आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यातले दोन आकडे प्रत्येक घरखरेदीदाराला पाठ असावेत. बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता, सावली वगैरे हिशेबात धरून, सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक नसावी. आणि उष्ण-दमट हवामानात खिडक्या-दारांचा उघडू शकणारा भाग कार्पेट क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश, म्हणजे १६.६६ टक्के असावा. यातला 'उघडू शकणारा' हा शब्द मोलाचा आहे. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. ६० चौरस मीटरच्या घराला १० चौरस मीटर उघडझाप हवी. ती सरकत्या खिडक्यांनी भागवायची तर काच दुप्पट लागते, आणि काचेबरोबर ऊनही. बिजागऱ्यांची, पूर्ण उघडणारी जुनी खिडकी इथे सरस ठरते.

आम्ही आमच्या खिडकीला बाहेरून बांबूचे पडदे लावले, बाल्कनी उघडीच ठेवली आणि पुढच्या रंगकामात पश्चिमेची बाजू पांढरी करावी असा ठराव सोसायटीत मांडला आहे. खोली आता रात्री अकराला झोपण्याजोगी होते, भिंत अजून गरमच असते. धाकटी बहीण डोंबिवलीत घर बघते आहे. तिला मी एवढंच सांगितलंय की नमुना फ्लॅट सकाळी दाखवत असले तरी तू मार्चमध्ये पावणेपाचला जा, फोनवरचं होकायंत्र उघड, पश्चिमेच्या खोलीत पंखा बंद करून दहा मिनिटं उभी राहा, आणि मग समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून कागदाचा कपटा हलतो का बघ.