पाळीव कासवांचे आवाज

घरातल्या टाकीत किंवा अंगणात पाळलेली कासवे जे ध्वनी काढतात त्यांची आणि त्यांच्या अर्थाची ही नोंद. कासव मुके असते ही समजूत सगळीकडेच आहे. मराठी मनात तर ते मौनाचीच मूर्ती आहे: देवळात गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेले, हातपाय आणि डोके आवरून घेतलेले. प्रत्यक्षात कासवे फुसफुसतात, सुस्कारतात, बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज काढतात, मीलनाच्या वेळी कण्हतात आणि पाण्याखाली आपल्या कानापर्यंत न पोचणारे कितीतरी ध्वनी काढतात. मात्र पाळणाऱ्याला जे ऐकू येते त्यातले बहुतेक बोलणे नसते, श्वास असतो. हे विसरले की कासव रागावले, रुसले, गाणे म्हणू लागले असले अर्थ लावले जातात आणि आजार नजरेतून निसटतो.

मराठीत पाण्यातले काय आणि जमिनीवरचे काय, दोन्ही कासवच. आवाजाच्या बाबतीत मात्र दोघांत बराच फरक पडतो, म्हणून पुढे जलकासव आणि भूकासव असे वेगळे शब्द वापरले आहेत. शहरांतल्या घरांत दिसते ते बहुधा रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले जलकासव. दुकानातून आणताना ते तळहातावर मावते. मादी पुढे २५ सेंमीच्याही वर जाते, हे तेव्हा कोणी सांगत नाही. पाठीवर तारे असलेले स्टार कासव आणि आपल्या तळ्या-विहिरींतली देशी कासवे पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग ती कितीही ‘लकी’ म्हणून विकली जात असोत.

आवाज निघतो कसा

कासवाच्या बरगड्या पाठीच्या ढालीशी एकजीव झालेल्या असतात. त्यामुळे आपल्यासारखी छाती फुगवून त्याला श्वास घेता येत नाही. फुफ्फुसे ढालीच्या आतल्या अंगाला लागून असतात, आणि पोटाचे व पायांच्या मुळाशी असलेले स्नायू लोहाराच्या भात्यासारखे काम करून हवा आत-बाहेर करतात. कासव चालते किंवा पाय आत घेते तेव्हा भात्यावर दाब येतो. सस्तन प्राण्यांसारख्या स्वररज्जू त्याला नसतात. पण दक्षिण युरोपातल्या हर्मन कासवासारख्या काही भूकासवांच्या स्वरयंत्रात लवचीक तंतूंचे पट्टे सापडले आहेत आणि हवेने ते थरथरतात. म्हणजे वाद्य साधे आहे, पण आहे.

फुस्स

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आवाज हाच. कासवाला अचानक उचलले, अंगावर सावली पडली, की डोके झटकन आत जाते आणि ‘फुस्स’ होते. बघणाऱ्याला हा नागाचा फूत्कार वाटतो. पण डोके, मान आणि चारही पाय एका क्षणात आत ओढायचे तर आत जागा हवी. ती करण्यासाठी फुफ्फुसातली हवा बाहेर जाते आणि अरुंद घशातून जाताना वाजते. कासव दचकले, एवढाच त्याचा अर्थ. रोज हाताळले जाणारे कासव हळूहळू फुसफुसणे कमी करते, कारण ते आत जाणेच कमी करते.

चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर होता, तेव्हा त्याला याचे मोठे गमतीशीर दर्शन घडले. मागून चालत गेले तर तिथल्या महाकाय कासवांना काही कळत नसे. पण त्यांना ओलांडून पुढे गेले रे गेले की ती डोके-पाय आत घेत, खोल फूत्कार टाकत आणि मेल्यासारखी धप्पकन जमिनीवर बसत. बेटावरचे लोक म्हणत की ही कासवे ठार बहिरी आहेत. नर फक्त मीलनाच्या काळात घोगरा हंबरल्यासारखा आवाज करतो आणि तो शंभर यार्डांहून लांब ऐकू जातो असे म्हणतात, हेही त्याने नोंदवले आहे. भूकासवाचे जे दोन आवाज माणसाच्या कानाला सहज कळतात, ते दोन्ही त्या नोंदीत आले आहेत.

आजाराचे आवाज

पाळणाऱ्याने खरे कान द्यावेत ते इथे. निरोगी कासवाचा श्वास जवळजवळ ऐकूच येत नाही. श्वासागणिक शिट्टी, चुटचुट, घरघर किंवा ओल्या फुग्यावर बोट फिरवल्यासारखी चरचर येत असेल तर श्वसनमार्गात चिकट स्राव साठला आहे असे धरून चालावे. जोडीला नाकातोंडाशी बुडबुडे, मान वर ताणून तोंड उघडे ठेवणे, खाणे सोडणे आणि पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे ही लक्षणे दिसली तर ते फुफ्फुसदाहाचे, म्हणजे न्यूमोनियाचे चित्र असू शकते. एका फुफ्फुसात द्रव भरला की त्या बाजूला वजन वाढते आणि कासव बुडत्या होडीसारखे कलते. तोल पोटातल्या वायूमुळेही जातो, म्हणून नुसत्या कलण्यावरून निदान करू नये.

कासवाला धड खोकता येत नाही. आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, नसल्यामुळे आत साठलेला कफ जोराने बाहेर फेकण्याची सोयच नाही. त्यामुळे माणसाची सर्दी चार दिवसांत उतरते तसे इथे होत नाही, आणि ‘थोडी शिट्टी येतेय, बघू आठवडाभर’ हे धोरण महागात पडते.

ऐकायचे कसे? रात्री टाकीचा फिल्टर, हवेचा पंप आणि खोलीतला पंखा बंद करावा. कासव दोन्ही हातांनी कडेला धरून अलगद उचलावे आणि कानापासून वीतभर अंतरावर धरावे, त्याहून जवळ नको, कारण कानाची पाळी त्याला खाऊ वाटू शकते. पहिले फुस्स सोडून द्यावे. ते शांत होऊन मान बाहेर काढेपर्यंत थांबावे आणि मग पाच-सहा श्वास ऐकावेत. एखाद्या श्वासाला टिक् झाले तर नाकात पाणी असेल. प्रत्येक श्वासाला झाले तर नाही. मोबाइलवर आवाज टिपून ठेवला तर पशुवैद्याला उपयोग होतो, कारण दवाखान्याच्या टेबलावर कासव नेमके गप्प बसते. नंतर हात साबणाने धुवावेत. साल्मोनेला जंतूंच्या भीतीने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी आहे, ती उगाच नाही.

कारणे बहुधा टाकीतच सापडतात. स्लायडरला पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि अंग शेकायला त्याहून उबदार कोरडी जागा लागते. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसलेल्या टाकीचे पाणी याच्या बरेच खाली उतरते. गार पडलेल्या कासवाची प्रतिकारशक्तीही गार पडते. दुसरे कारण आहाराचे: नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या पिलांना ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते, पापण्या सुजतात आणि श्वसनमार्गाचे अस्तर बिघडते. भूकासवाला धुळीने एखादी शिंक येणे वेगळे. ओवा-हळदीची वाफ देण्याचा घरगुती मोह मात्र टाळावा. इथे ऊब, क्ष-किरण तपासणी आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन लागते.

मीलन, अंडी, पिले

भूकासवाचा नर मादीवर चढतो तेव्हा कण्हणे, आरडणे, कुईकुई असे काहीही ऐकू येते. दक्षिण अमेरिकेतल्या रेड-फूटेड कासवाचा नर कोंबडीसारखा कुकू-कुकू करतो. हर्मन कासवांवर इटलीत झालेल्या प्रयोगांत माद्या उंच पट्टीच्या, भराभर येणाऱ्या हाकांकडे अधिक ओढल्या गेल्या. स्लायडरचा नर प्रणयात अगदी शांत असतो: मादीकडे तोंड करून मागे मागे पोहत तो पुढच्या पायांची लांब नखे तिच्या तोंडाशी थरथरवतो, बस्स.

संतवाङ्मयात कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने वाढवते अशी उपमा पुन्हा पुन्हा येते. शास्त्रानेही कासवीला पिलांशी काही देणेघेणे नाही असेच बराच काळ मानले होते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या महाकाय नदीकासवांवर काम करताना कॅमिला फेरारा आणि रिचर्ड व्होग्ट यांना मात्र वेगळे आढळले: पिले अंड्यात असतानाच आवाज करू लागतात, माद्या किनाऱ्याजवळ थांबून पाण्याखाली आवाज देतात आणि पिले त्यांच्यासोबत नदीतून प्रवासाला निघतात. नजर नव्हे, साद. पण उपमेतली माया खोटी ठरली नाही.

पाण्याखालची भाषा

ऑस्ट्रेलियातल्या लांब मानेच्या एका जलकासवाच्या पाण्याखालच्या आवाजांचे संशोधकांनी २००९ मध्ये सतरा प्रकार सांगितले. मग झुरिच विद्यापीठातील गॅब्रिएल जोर्गेविच-कोहेन यांनी घरी पाळलेल्या कासवांपासून सुरुवात करून अनेक देशांत ध्वनिमुद्रणे केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५३ जातींचे ध्वनी आहेत, त्यांपैकी ५० कासवांच्या. एकही जात मुकी निघाली नाही. त्यावरून त्यांनी असे मांडले की आवाजाने संवाद करण्याची क्षमता फुफ्फुसाने श्वास घेणाऱ्या कणाधारी प्राण्यांच्या सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजापासून आली असावी. जॉन वीन्स यांच्यासारख्या अभ्यासकांना हे मान्य नाही. आवाज करणे आणि आवाजाने काही सांगणे यांत अंतर आहे, असा त्यांचा आक्षेप आहे. आक्षेप रास्त वाटतो, आणि स्वतःच्या कासवाचे ‘बोलणे’ टिपलेल्यांनाही तो लागू पडतो. पाण्याखालचे हे ध्वनी क्षीण, तोकडे आणि विरळ असतात. तासन्‌तास मुद्रण केले तरी हाती मोजकेच लागतात. फिल्टर चालू असताना ते काचेबाहेर ऐकू येण्याची आशा धरू नये.

घरातले बाकीचे खडखडाट

रात्री टाकीतून येणारी टकटक बहुधा ढाल काचेवर आपटल्याची असते, खरवड नखांची आणि कडकड चोचीची. काचेवर सारखे आपटणारे कासव भुकेले असेल, टाकी अपुरी पडत असेल किंवा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी त्याचे भांडण चालू असेल. अंड्यावर आलेली मादीही अशीच बेचैन खरवडते. तिला वाळू मिळाली नाही तर अंडी अडकू शकतात.

आणि हाक मारली की ते येते, त्याचे काय? कासवाला बाहेरून कान दिसत नाहीत; डोळ्यामागे त्वचेखाली एक गोल चकती असते आणि तिच्यामागे हवेची पोकळी. २०१२ मध्ये स्लायडरची श्रवणशक्ती मोजली गेली तेव्हा ती हवेपेक्षा पाण्याखाली जास्त तीक्ष्ण निघाली, साधारण ५०० ते ६०० हर्ट्‌झच्या आसपास. तेव्हा ‘ए राजा, ये’ यातला राजा त्याला कितपत कळतो हे सांगणे अवघड आहे. खाद्याच्या डबीचे झाकण उघडते तेव्हा मात्र ते न चुकता काचेशी येते, कारण पावलांची थरथर टाकीच्या स्टँडमधून आधीच पोचलेली असते आणि डबी धरलेला हातही त्याला दिसलेला असतो.