हिरव्या अंड्यातलं पिल्लू आणि हिरवी अंडी घालणारी बदकाची मादी

‘हिरवी अंडी निवडून खुडूक कोंबडीखाली ठेवली, आता सगळ्या माद्या हिरवीच अंडी घालणार.’ बदकं पाळणाऱ्यांकडून हे ऐकून कान किटले. पण हिरव्या अंड्यातून निघणं आणि हिरवी अंडी घालणं या दोन गोष्टी एक नाहीत.

कोंबडीचं तुम्हाला ठाऊकच आहे: पांढरं, तपकिरी, अरौकानाचं निळं. बदकात मुख्य झगडा पांढऱ्या आणि निळसर-हिरव्याचा. हा निळा-हिरवेपणा दोघांतही बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचाच, फक्त त्यामागचं जनुक वेगळं. असो.

खरी मेख पुढे आहे. टरफल तयार होतं आईच्या गर्भाशयात. त्यात बापाचा वाटा शून्य, आतल्या पिल्लाचाही शून्य. म्हणजे अंड्याचा रंग पाहून फक्त आईबद्दल बोलता येतं. पिल्लू मात्र जनुकाची एक प्रत आईकडून घेतं, दुसरी बापाकडून, आणि हिरवा रंग प्रभावी असल्यामुळे एक प्रत पुरते.

व्हाइट पेकिन मादी घ्या, पांढरी अंडी घालणारी. तिला दोन्ही प्रती हिरव्या असलेला नर दिला, तर उबवायला ठेवाल ती सगळी अंडी पांढरी, आणि त्यांतून निघालेल्या सगळ्या माद्या हिरवी अंडी घालणाऱ्या! आता उलट करा. एकच हिरवी प्रत असलेली संकरित मादी, नर पांढऱ्या वाणाचा. अंडी झाडून सगळी हिरवी, पण साधारण निम्म्या मुली पांढरी घालतील. मग लोक ‘फसवलं’ म्हणून पिल्लं विकणाऱ्याशी भांडतात. पण मुळात हिरव्या अंड्यांचा जादा भाव लावून मुलींच्या अंड्यांची हमी देणारेही कमी नाहीत, आणि त्यांचा मला जास्त राग येतो.

नराची अडचण अशी की तो अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्या पोटात काय दडलंय ते दिसत नाही. तो हिरव्या अंड्यातून आला, एवढ्यावर विसंबू नका. पांढरी अंडी घालणाऱ्या माद्यांबरोबर त्याला सोडा, मुली वयात येऊ द्या आणि त्यांची अंडी पाहा. वेळ जातो, पण मी तरी दुसरं काही मानत नाही. पिसांच्या रंगावरून अंदाज बांधणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

राहता राहिलं कायुगा या बदकाच्या वाणाचं ‘काळं अंडं’. तो टरफलावरचा पातळ थर आहे, हंगामाच्या सुरुवातीला गडद, नंतर फिका होत जाणारा. ओल्या फडक्याने घासा, बराचसा निघून येतो. खाली जो रंग उरेल तेवढाच या हिशेबात धरा.