चकचकीत बोल्ट का तुटतो?

जुन्या फियाट, जीप हौसेनं उभ्या करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक उपाय सारखा फिरत असतो: गंजलेले सगळे नट-बोल्ट रात्रभर संडास धुवायच्या ॲसिडमध्ये टाका, सकाळी चांदीसारखे काढा. निघतात खरे तसे. पण त्यातले काही बोल्ट गाडी जोडून झाल्यावर, उभ्या गाडीत, कोणी हात न लावता तुटू शकतात. ते कोणी सांगत नाही.

तसं नवे बोल्ट दुकानात ढिगानं मिळतात. पण जीपचे इंचाचे, फियाटचे मिलिमीटरचे. आपले मिस्त्री अजून ‘चार सुती दे’ म्हणतात, म्हणजे अर्धा इंच. आटे न जुळणारा बोल्ट पान्ह्यानं रेटून बसवला की दोन्हीकडचे आटे जातात. शिवाय डोक्यावरची बनवणाऱ्याची खूण नव्या बोल्टवर कुठून येणार? म्हणून मूळचेच साफ करायचे. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे जालना-परभणीकडच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा वरचा पत्रा मुंबईच्या गाडीपेक्षा बरा निघतो. खालची बाजू मात्र काळ्या मातीनं धरलेली. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चासीच्या कोपऱ्यात थापून बसली की पावसाळा सरला तरी ओल सोडत नाही. यू-बोल्ट तिथंच सडतात.

आता ॲसिडकडे. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज खातं, आणि गंज संपला की खालचं लोखंडही खायला लागतं. त्यात हायड्रोजन सुटतो, हे शाळेत शिकलोय. पण तो सुटतो एकेकट्या अणूंच्या रूपात. लोखंडाच्या पृष्ठभागावर दोन अणूंची जोडी जमली की रेणू होतो आणि बुडबुडा बनून वर जातो. जोडी जमायच्या आधीच काही अणू आत शिरतात. हायड्रोजनचा अणू अगदी लहान. लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटींतून तो साध्या तापमानालाही हिंडतो. बोल्ट आवळला की तो ताणला जातो, आणि सगळ्यांत जास्त ताण येतो डोक्याखालच्या वळणात आणि नटमधल्या पहिल्या आट्याच्या खाचेत. ताणलेल्या जागी फटी किंचित रुंद, म्हणून हिंडणारे अणू तिकडेच गोळा होतात. तिथलं पोलाद ठिसूळ होतं, केसाएवढी चीर पडते, चिरेच्या टोकाला नवा ताण, तिथं पुन्हा हायड्रोजन. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, टक्कन डोकं उडतं. हे अणू तिथं नेमकं करतात काय, बंध सैल करतात की धातूची घसरण एकाच जागी एकवटतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

ही गोष्ट नवी नाही. विल्यम जॉन्सन यांनी 1875 मध्येच लिहून ठेवलं की ॲसिडमध्ये बुडवलेली लोखंडी तार चिवटपणा गमावते आणि काही काळ ठेवून दिली की तो परत येतो. तरी 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर जस्त चढवलेल्या 96 जाडजूड रॉडपैकी 32 आवळल्यानंतर काही दिवसांतच तुटले. कारण आत शिरलेला हायड्रोजनच.

मऊ पोलादाला याचं फारसं भय नाही, कारण ताण आला की ते थोडं वाकून घेतं. डोक्यावर 8.8 लिहिलेला बोल्टही सहसा निभावतो. 10.9, 12.9 हे त्याहून कडक पोलादाचे आकडे, किंवा इंची बोल्टवर सहा रेघा दिसल्या तर ॲसिड लांब ठेवा. कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे, स्टीअरिंगचे बोल्ट, खूण असो-नसो, याच गटात धरा. ते वायर ब्रशनं साफ करा. फार जुन्या गाडीच्या सोनेरी झाक असलेल्या बोल्टवर कॅडमियम असू शकतं. त्याची धूळ विषारी, तो कोरडा घासू नका.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोल्ट बुडवून बॅटरी चार्जरची वीज सोडायचा उपाय ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणून खपवला जातो. त्यात बोल्ट ऋण टोकाला असतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे त्याच्याच अंगावर येतात! दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, ते वेगळंच. साध्या बोल्टना किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. बंपरला मिरच्यांबरोबर टांगलेल्या लिंबापेक्षा त्या सत्त्वानं गाडीचं जास्त भलं होतं.

प्लेटिंगला, म्हणजे साफ बोल्टवर जस्ताचा थर चढवायला, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यात जॉबवर्कवाले आहेत. तुमचा मूठभर माल तांब्याच्या तारेत ओवून द्या, नाहीतर त्यांच्या बॅरलमध्ये हरवेल. प्लेटिंगच्या आधी ते ॲसिड लावतातच, प्लेटिंगमध्येही हायड्रोजन येतो, आणि वरचा जस्ताचा थर त्याला आत कोंडतो. जॉन्सनची तार आपोआप सावरली, हा बोल्ट सावरत नाही. म्हणून कडक बोल्ट द्यायचेच असतील तर प्लेटिंग झाल्या झाल्या साधारण 190 ते 220 अंश सेल्सिअसला निदान चार तास भाजायला सांगा, 12.9 ला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आणि पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावरचा पिवळा संरक्षक थर, भाजल्यानंतरच. तो पिवळा थर सत्तरेक अंशांपुढे तडकतो, त्यामुळे काही दुकानदार आधी पिवळं करतात आणि रंग बिघडू नये म्हणून भाजणं गाळतात. पैसे द्यायच्या आधी हा क्रम विचारून घ्या. स्प्रिंग वायसर मात्र पाठवूच नका. बोल्टपेक्षाही कडक असतात, सगळ्यांत आधी तुटतात आणि नवे चिल्लरीत येतात.