ढगातून सुटलेला पाऊस आणि पोचलेला पाऊस

मिरग निघाला की आमच्या बीडकडं बांधावरचा प्रत्येक जण बालाघाटाच्या डोंगराकडं बघत असतो. ढगाखाली करड्या रेघा लोंबताना दिसल्या की कुणीतरी म्हणतंच, "तिकडं लागला बघा!" अर्ध्या तासानं तिकडच्या पाहुण्याला फोन लावावा, तर उत्तर येतं, "कुठला पाऊस दाजी? धुळीचा लोट आला नुसता."

दोघंही खरंच सांगत असतात. ढगातून पाणी सुटलेलं असतं, पण भुईवर पोचलेलं नसतं. अशा अधांतरी पावसाला इंग्रजीत 'व्हर्गा' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ काठी किंवा डहाळी. फ्रेंचमध्ये स्वल्पविरामाला 'व्हिर्ग्युल' म्हणतात, तोही ह्याच घराण्यातला, म्हणजे छोटी काठी. कन्या राशीचं 'व्हर्गो' हे नाव मात्र वेगळं. उच्चारामुळं गल्लत होते एवढंच.

जमिनीला टेकणाऱ्या सरींना ढगांच्या शास्त्रात 'प्रेसिपिटेशिओ' असं वेगळं नाव आहे. ते लक्षात नाही राहिलं तरी चालेल, आपला 'पाऊस' पुरेसा आहे.

फरक पडतो तो ढग आणि जमीन यांच्यामधल्या हवेमुळं. ती कोरडी असली की थेंब पडता पडता आटतात. लहान झालेला थेंब सावकाश पडतो आणि वाऱ्यानं मागं रेटला जातो, म्हणून व्हर्गाच्या शेपट्या वाकड्या दिसतात. थेंबांची वाफ होताना हवा गार होते, जड होते, वेगानं खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडं पसरते. पाहुण्याच्या अंगणातली धूळ बहुतेक ह्याच न पोचलेल्या पावसानं उडवलेली! रडारलासुद्धा वरचे थेंब दिसतात. त्यामुळं मोबाइलच्या नकाशावर रंग चढतो आणि गावच्या पर्जन्यमापकात शून्य राहतं.

'पावसानं हुलकावणी दिली' असं आपण म्हणतो, पण त्यात न आलेला पाऊसही येतो. व्हर्गा म्हणजे निघालेला, पण वाटेत संपलेला. मला त्याला 'विरता पाऊस' म्हणावंसं वाटतं.

ओळखायचा तर रेघांच्या खालच्या टोकाकडं बघा. तिथं त्या विसविशीत होऊन तुटलेल्या असतील आणि त्यांच्याखाली डोंगराची कड स्वच्छ दिसत असेल, तर तो व्हर्गा. खऱ्या पावसात पडदा थेट खाली टेकतो आणि डोंगर पुसला जातो. तो दिसेनासा झाला की मग पाहुण्याला फोन लावा.