मृण्मयी की हिरण्मयी?

भावाला मुलगी झाली आणि बारशाच्या आत नाव ठरवायचं काम आत्या म्हणून माझ्याकडे आलं. गोव्यात, फोंड्याच्या घरी कागदावर खाडाखोड होत होत शेवटी दोनच नावं उरली: मृण्मयी आणि हिरण्मयी. वहिनी म्हणाली, "ताई, दोन्ही एकच ना? सुरुवात तेवढी वेगळी." शेजारच्या काकींना मृण्मयी म्हणजे मृदू मनाची असं वाटत होतं. मोबाइलवरच्या एका यादीत तर हिरण्मयीचा अर्थ ‘हरणासारखी’ असा दिला होता. काकींचा अर्थही बरोबर नाही आणि यादीतलाही नाही. लेकीला जन्मभर पुरणाऱ्या नावाचा अर्थ असा अंदाजाने घेऊ नये, म्हणून बसून नीट लिहिते आहे.

दोन्ही नावांत खरोखर सारखा आहे तो शेवटचा ‘मयी’. ‘मय’ म्हणजे एखाद्या गोष्टीचं बनलेलं किंवा तिने भरलेलं: जलमय, आनंदमय. त्याचंच स्त्रीलिंग मयी. कशाचं बनलेलं, ते आधीचा शब्द सांगतो. मृण्मयीत तो शब्द आहे ‘मृद्’, म्हणजे माती. मृदा, मृद्गंध हे याच घरातले. हिरण्मयीत आहे ‘हिरण्य’, म्हणजे सोनं. एक मातीची, दुसरी सोन्याची. हरणाचा इथे काही संबंध नाही. हिंदीतला ‘हिरन’ कानात असतो म्हणून तो घोळ होतो.

आईला एवढं सांगितल्यावर ती लगेच कोकणीत म्हणाली, "म्हणजे एक मातयेची आनी एक भांगराची." तिला दुसरंच आवडणार हे उघड होतं. आमच्याकडे लेकराला उचलून घेताना ‘म्हज्या भांगरा’ म्हणायची रीत आहे, ‘म्हजे माती’ असं कोण म्हणेल?

मग बारशाची पत्रिका छापून आली. तोवर मृण्मयीकडे पारडं झुकलं होतं आणि पत्रिकेवर छापलं होतं ‘मृन्मयी’. भाऊ चिडला, परत छापून आणायला निघाला. मी त्याला थांबवलं, कारण ती चूक नव्हती. उलट, संस्कृतच्या काटेकोर नियमाने तेच रूप जास्त शुद्ध आहे.

कसं ते सांगते. पदाच्या शेवटी क्, त्, द् अशी व्यंजनं असली आणि पुढे न किंवा म आला, की त्यांच्या जागी त्या त्या वर्गाचं अनुनासिक येतं. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ, चित् आणि मय मिळून चिन्मय, वाक् आणि मय मिळून वाङ्मय. तसंच मृद् आणि मय मिळून मृन्मय. आता दुसरा नियम असा की ऋ, र किंवा ष यांच्यामागून त्याच शब्दात न आला तर त्याचा ण होतो. राम आणि अयन यांचं रामायण होतं ते त्यामुळेच. ‘मृ’मध्ये ऋ आहे, म्हणून मृन्मयचं मृण्मय झालं असं वाटतं. पण पाणिनीने इथे अपवाद सांगितला आहे: पदाच्या अगदी शेवटी आलेला न् बदलत नाही. ‘रामान्’ या रूपाचं ‘रामाण्’ होत नाही ते म्हणूनच. मृद्मधून आलेला न् हाही असाच, मय लागण्याआधीच्या पदाच्या शेवटचा.

हिरण्मयीचं तसं नाही. तिचा ण ‘हिरण्य’ शब्दात जन्मापासून आहे. पुढे मय लागताना मधला य गळतो, आणि हे रूप नेहमीच्या नियमात बसत नाही म्हणून पाणिनीने ‘हिरण्मय’ हा शब्द तयार रूपांच्या यादीतच घातला. म्हणजे एकीचा ण माहेरचा आणि दुसरीचा वापराने चिकटलेला. मराठीत मृण्मयी इतकं रुळलं आहे की ते लिहायला कसलीच हरकत नाही, मृन्मयीही चालेल. ‘हिरन्मयी’ मात्र कधीच लिहू नये.

अर्थाकडे परत येते, कारण खरी ओढाताण तिथेच होती. मुलीचं नाव मातीवरून ठेवायचं? मी म्हणते, गोव्यात हा प्रश्न पडायलाच नको. गावागावांतली सातेरी देवी कशाच्या रूपात पुजतात? वारुळाच्या. कोकणीत त्याला रोयण म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहून वाढलेलं ते वारूळ मी लहानपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मूर्ती कुठे आहे म्हणून आईला विचारत राहिले होते. मूर्ती तीच होती. मृण्मयी देवी याहून वेगळी काय असते? बंगालात दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला मृण्मयी म्हणतात, आपल्याकडे तर मूर्ती घडवायलाही कुणी हात लावलेला नाही.

चवथीला घरात मातीचा गणपती, वर फळं-फुलं टांगलेली माटोळी, आणि आरतीला घुमट हे वाद्य. घुमटाचं अंगच मातीचं, भाजलेल्या घागरीचं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. ‘मृदंग’ शब्दाची फोड परंपरेने मृद् आणि अंग अशीच करतात, मातीच्या अंगाचा. पण मृदंग आता लाकडाचा झाला. माती सोडली नाही ती घुमटाने. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोव्याने त्याला वारसा वाद्याचा मान दिला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

या नावावर एक आक्षेप मात्र जाणती माणसं घेऊ शकतात आणि तो लपवून ठेवणं मला योग्य वाटत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला विनवतात, ‘मो षु वरुण मृन्मयं गृहं राजन्नहं गमम्’: हे राजा, मला मातीच्या घरात जायला लागू नये. मातीचं घर म्हणजे मरणानंतरचं, असा अर्थ बरेच जण लावतात. आणि त्याच वरुणाचं पाण्यातलं घर अथर्ववेदात सोन्याचं आहे. म्हणजे माती आणि सोनं यांची ही जोडी आमच्या कागदाआधी फार पूर्वीच समोरासमोर उभी होती. मला तरी त्या ऋचेमुळे नाव टाकावंसं वाटलं नाही. शब्द एका सूक्तातल्या भयापुरता राहत नाही. पुढच्या माणसांनी त्यात देवी बसवली.

हिरण्मयीची बाजू सोपी आहे. श्रीसूक्ताच्या पहिल्याच ऋचेत ‘चन्द्रां हिरण्मयीं लक्ष्मीं’ आहे, त्यामुळे हे लक्ष्मीचंच नाव. बांदिवड्याच्या महालक्ष्मीला मानणाऱ्या घरात ते शोभून दिसेल. ईशावास्य उपनिषदात मात्र ‘हिरण्मयेन पात्रेण’ सत्याचं तोंड झाकलं आहे असं म्हटलंय, तिथे सोनं हे झाकण आहे. कुणी हिरण्यकशिपूची आठवण काढून नाक मुरडलं तर हिरण्यगर्भाची आठवण करून द्यावी, शब्द तोच.

मृणालचं विचारतात म्हणून सांगते: मृणाल म्हणजे कमळाचा देठ, त्यातले तंतू. मातीशी त्याचं नातं नाही, घरी दोघींना ‘मृणू’ म्हणतात एवढंच.

उरला इंग्रजी स्पेलिंगचा भाग. ‘मृ’ आपण मराठीत ‘म्रु’सारखा म्हणतो, उत्तरेकडे ‘म्रि’, त्यामुळे एम-आरनंतर यू घ्यायचा की आय, आणि शेवटी आय, वाय की दोन ई, हे जन्मनोंदणीच्या आधीच ठरवा आणि आधारपासून पासपोर्टपर्यंत तेच ठेवा. नंतर नाव बदलायचं तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे, त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नये. हिरण्मयीत हा त्रास कमी, पण तिथे ण्म नीट उच्चारायला बालवाडीतल्या बाईंना दोनदा शिकवावं लागेल.

आम्ही मृण्मयी ठेवलं, पत्रिका होती तशीच वाटली. हिरण्मयी लिहिलेला कागद मी कपाटात जपून ठेवला आहे; डिचोलीच्या मावसबहिणीला पुढच्या महिन्यात दिवस भरतायत.