अमेरिकन कॉलेज खेळाडूंचा ‘पगार’ सुप्रीम कोर्टाने सुरू केलेला नाही

“२०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेजच्या खेळाडूंना पगार द्यायला लावला” हे वाक्य गेली काही वर्षं बिनदिक्कत फिरतंय. तसं काही झालेलं नाही.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू शॉन अ‍ॅल्स्टन याच्या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्ती एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या विरोधात गेले, हे खरं. पण कोर्टापुढचा प्रश्न बराच आखूड होता: शिक्षणाशी निगडित लाभांवर मर्यादा घालता येईल का? म्हणजे लॅपटॉप, वाद्यं, पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती, अभ्यासातल्या यशाबद्दल वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत बक्षीस. मैदानात उतरण्याच्या मोबदल्यावरची बंदी तशीच राहिली. गोंधळात भर घातली ती न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी. स्वतंत्र मत लिहून त्यांनी एनसीएएची सालटीच काढली. वाचायला झकास, पण ते एकट्याचं मत, निकाल नव्हे.

निकालानंतर दहाच दिवसांत खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली आणि लोकांनी दोन्हीची मोट बांधली. ती मुभा एनसीएएने राज्यांच्या कायद्यांच्या रेट्यामुळे दिली होती. त्यातही पैसे जाहिरातदाराचे, कॉलेजचे नव्हेत.

कॉलेजच्या तिजोरीतून थेट पैसे देण्याची वाट उघडली १ जुलै २०२५ पासून, जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीमुळे. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला कमाल मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. सक्ती नाही, हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने तर नकारच कळवला. आणि पगार म्हणायचं, तर खेळाडू अजूनही कॉलेजचे कर्मचारी ठरलेले नाहीत.